अठ्ठावीस घरांचा मेरू

१

१९८७ च्या मे महिन्यात, नाशिकच्या एका शाळेतल्या संगणकाच्या खोलीत, मी एका यंत्राला ताना म्हणायला शिकवत होते. खोली आधी भूगोलाच्या नकाशांची होती. आता खिडक्यांना जाड पडदे आले होते, दाराबाहेर चपला काढाव्या लागत, आणि सुट्टी असूनही सरांनी माझ्यावर विश्वास टाकून किल्ली दिली होती. यंत्राचे नाव बीबीसी मायक्रो. शाळकरी मुलांना संगणकाची तोंडओळख व्हावी म्हणून केंद्र सरकारने १९८४ मध्ये 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला देशातल्या सुमारे अडीचशे शाळा त्यात होत्या आणि त्यासाठी हे ब्रिटिश बनावटीचे यंत्र निवडले गेले होते. त्याची स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ अक्षरे मावतील एवढी. त्यातलाही काही भाग पडदा आणि यंत्राचा स्वतःचा कारभार खाऊन टाकी. लिहिलेला प्रोग्रॅम जपून ठेवायचा तर साध्या कॅसेटवर.

त्या यंत्राच्या बेसिक भाषेत 'साउंड' नावाची एक आज्ञा होती. तिच्यापुढे चार आकडे लिहायचे: आवाजाची वाट कोणती, जोर किती, उंची किती आणि लांबी किती. 'साउंड १, -१५, ५३, ५' असे लिहिले की मधल्या सप्तकातला पांढरी एकचा सूर पाव सेकंद वाजे. सप्तकाचे ४८ भाग पाडलेले होते. म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये चार पायऱ्या. पंचवटीत गुरुजींकडे मी तेव्हा पाच वर्षे गाणे शिकत होते. पेटीपेक्षा बारीक पायऱ्या असलेले वाद्य मला पहिल्यांदाच भेटत होते, आणि ते वाद्य माझे लिहिलेले वाचत होते, याचे मला फार अप्रूप वाटले.

गुरुजींनी मला अलंकार पलट्यांची सवय लावली होती. सा रे ग, रे सा ग, सा ग रे असे स्वर उलटसुलट फिरवायचे. मी यंत्राला तेच सांगितले. चार स्वरांचे २४ क्रम त्याने सहज म्हणून दाखवले, पाचांचे १२० देखील. मग मी सातही स्वर दिले. सात स्वर, प्रत्येक एकदाच, असे जितके क्रम होतील तितके सगळे आधी रचून ठेव आणि मग वाजव, असा माझा हुकूम होता. थोडा वेळ पडदा स्तब्ध राहिला आणि मग दोन शब्द उमटले: 'नो रूम'. जागा नाही.

हिशेब मी त्या क्षणी केला नव्हता, नंतर केला. सात स्वरांचे क्रम ५,०४०. प्रत्येकाला सात अक्षरे, म्हणजे ३५,२८० अक्षरे. यंत्राची सगळी स्मृती रिकामी करून दिली असती तरी त्या ताना तिच्यात मावल्या नसत्या.

२

ही गोष्ट मी गुरुजींना हसत हसत सांगितली. ते हसले नाहीत. पलुसकरांच्या परंपरेतले ते गवई. विष्णु दिगंबर पलुसकरांनी आयुष्याच्या अखेरच्या दशकात नाशिकला रामनाम आधार आश्रम काढला होता. गुरुजींनी लहानपणी तिथले भजन ऐकलेले होते. त्यांच्या मते गाण्याचे हिशेब मांडणे हा थट्टेचा विषय नव्हता. ते उठले, कपाटातून 'संगीतरत्नाकरा'च्या ग. ह. तारळेकरांनी केलेल्या मराठी भाषांतराचा पहिला खंड काढला आणि एका पानावर बोट ठेवले. तिथे पायऱ्यापायऱ्यांची एक आकृती होती. 'हे मला आयुष्यभर कळलं नाही,' ते म्हणाले. 'तुझ्या यंत्राला कळतंय का बघ.'

त्या पानावर खंडमेरू होता.

पुढचे तीन दिवस आम्ही त्यांच्या ओसरीवर खडूने घरे आखून बसलो. ग्रंथात घरांवर ठेवायला खडे सांगितले आहेत, आम्ही चिंचोके घेतले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते उलगडले. तेव्हापासून आजपर्यंत मी त्या अठ्ठावीस घरांच्या मागे आहे. हा लेख त्या घरांचा, ती आखणाऱ्या माणसाचा आणि ज्या मुलखात ती आखली गेली त्या मुलखाचा आहे.

३

'संगीतरत्नाकर' लिहिणारा शार्ङ्गदेव हा पेशाने गवई नव्हता. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरमधून दक्षिणेत आले. वडील सोढल यादवांच्या दरबारी नोकरीला होते, आणि शार्ङ्गदेव स्वतः देवगिरीच्या सिंघण राजाचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा मुख्य होता. सिंघणाची कारकीर्द साधारण १२१० ते १२४७. म्हणजे भारतीय संगीताचा जो ग्रंथ पुढे हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरांनी आपला मानला, तो आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या डोंगरी किल्ल्याच्या छायेत, एका जमाखर्च पाहणाऱ्या अधिकाऱ्याने लिहिला. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य असे त्याचे सात अध्याय. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये मंगेश रामकृष्ण तेलंगांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती काढली.

नाशिककरांनी या घराण्याला परके मानायचे कारण नाही. यादव देवगिरीला गेले ते बाराव्या शतकाच्या अखेरीस, पाचव्या भिल्लमाच्या काळात. त्याआधीची त्यांची ठाणी चांदवड आणि सिन्नर. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर आणि अंजनेरीचा ११४२ चा सेऊणचंद्राचा शिलालेख आजही त्याची साक्ष देतात. सेऊणदेश म्हणजे मुख्यतः आपलाच मुलूख.

याच राजाच्या पदरी आणखी एक माणूस होता, आणि त्याच्याविषयी बोलल्याशिवाय खंडमेरूची गोष्ट पुरी होत नाही. त्याचे नाव चांगदेव, 'लीलावती'कार भास्कराचार्यांचा नातू आणि सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. चाळीसगावजवळच्या पाटणे गावी त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला. तिथला शके ११२८ चा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. मनमाडवरून रेल्वेने गेले तर नाशिकहून चाळीसगाव काही तासांच्या अंतरावर आहे.

'लीलावती' ११५० ची. तिच्या शेवटी अंकपाश नावाचे प्रकरण आहे. दिलेल्या वस्तू किती प्रकारे मांडता येतील, हा त्याचा विषय. भास्कराचार्य उदाहरण देतात ते देवांच्या मूर्तींचे. हरीच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म आलटूनपालटून दिले तर मूर्ती २४ होतात. शंभूच्या दहा हातांत दहा वस्तू दिल्या तर ३६,२८,८००. संध्या करणाऱ्यांना केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावे पाठ असतात, ती याच हिशेबातली. चार स्वरांच्या माझ्या चोवीस ताना आणि विष्णूच्या चोवीस मूर्ती यांच्यामागे गणित एकच आहे.

चांगदेव आणि शार्ङ्गदेव एकाच दरबारातले. त्यांच्यात या विषयावर बोलणे झाले असेल, असे म्हणायचा मोह मला अनेकदा झाला आहे. तसा पुरावा माझ्यासमोर नाही, म्हणून मी म्हणत नाही. आणि त्या भेटीची गरजही नाही. प्रस्तार, नष्ट, उद्दिष्ट हे शब्द शार्ङ्गदेवाला छंदःशास्त्रातून मिळालेले होते. पिंगलाच्या सूत्रांपासून लघुगुरूंची यादी करणे, यादीतला हरवलेला क्रम शोधणे, दिलेल्या क्रमाचा क्रमांक सांगणे, ही कामे वृत्तांचे अभ्यासक करत आले होते. शार्ङ्गदेवाने ती हत्यारे स्वरांवर चालवली, आणि स्वर लघुगुरूंसारखे दोनच नसल्यामुळे त्याला नवे कोष्टक रचावे लागले.

४

आता ते कोष्टक. स्वर क्रमाने लावलेले असतील तर ती शुद्ध तान. क्रम मोडला की कूटतान. एका स्वराची तान एक, दोनांच्या दोन, तिनांच्या सहा, मग २४, १२०, ७२० आणि ५,०४०. त्या काळी मूर्च्छना मोजत त्या ५६: दोन ग्रामांच्या सात सात, आणि काकली व अंतर या स्वरांमुळे प्रत्येकीचे चार प्रकार. ५६ ला ५,०४० ने गुणले की नुसत्या सात स्वरी तानाच २,८२,२४० भरतात. बीबीसी मायक्रोवर पाव सेकंदाला एक स्वर या वेगाने एका मूर्च्छनेच्या ताना वाजवायच्या म्हटले तर २ तास २७ मिनिटे लागतील, आणि सगळ्या वाजवायला पाच दिवस आणि वर सतरा तास. एवढी यादी ताडपत्रावर कोणी लिहायची? शार्ङ्गदेवाने ती लिहिली नाही. यादी न लिहिता यादीतल्या कोणत्याही तानेपर्यंत पोचायचा रस्ता त्याने लिहिला.

आधी यादीचा क्रम ठरवला. तीन स्वरांचा प्रस्तार असा: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. नीट पाहिले तर शेवटचा स्वर सर्वांत सावकाश बदलतो. आधी शेवटी ग, मग शेवटी रे, मग शेवटी सा.

मग घरे आखली. पहिल्या स्तंभात एक घर, दुसऱ्यात दोन, असे सातव्यात सात. एकूण २८. पहिल्या स्तंभात १ लिहायचा. दुसऱ्यात ० आणि १. तिसऱ्यात ०, २, ४. चौथ्यात ०, ६, १२, १८. पाचव्यात २४ च्या पटी ९६ पर्यंत, सहाव्यात १२० च्या पटी ६०० पर्यंत, सातव्यात ७२० च्या पटी ४,३२० पर्यंत.

कोणी विचारले, 'मगसारे ही चार स्वरांची तान कितवी?' हे उद्दिष्ट. तानेचा शेवटचा स्वर रे. मूळ क्रम सा रे ग म, त्यात शेवटून मोजत जायचे: म पहिल्या घरात, ग दुसऱ्यात, रे तिसऱ्यात. चौथ्या स्तंभाच्या तिसऱ्या घरावर चिंचोका ठेवायचा, तिथे १२ आहेत. रे बाजूला काढला. उरले सा ग म, आणि उरलेल्या तानेच्या शेवटी आहे सा. शेवटून मोजता तो तिसरा, म्हणून तिसऱ्या स्तंभाचे तिसरे घर, ४. सा बाजूला काढला. ग आणि म यांपैकी शेवटी आहे ग, तो शेवटून दुसरा, म्हणून १. उरला म, त्याचा नेहमीचा १. चिंचोक्यांखालचे आकडे मिळवले: १२, ४, १ आणि १, म्हणजे १८. मगसारे ही अठरावी तान.

उलट विचारले, 'पंधरावी तान सांग.' हे नष्ट, म्हणजे हरवलेले शोधणे. पंधरामधून पहिल्या स्तंभाचा १ गेला, राहिले १४. चौथ्या स्तंभातून त्यात बसणारा मोठ्यात मोठा आकडा १२. तो तिसऱ्या घरात आहे, म्हणून शेवटचा स्वर रे. राहिले २. ते तिसऱ्या स्तंभाच्या दुसऱ्या घरात आहेत, म्हणून सा ग म मधला शेवटून दुसरा, ग. राहिले शून्य, म्हणून उरलेल्यांतला शेवटचा, म. आणि मग सा. तान झाली सामगरे.

सातही स्तंभांच्या तळघरांत चिंचोके ठेवले की बेरीज येते ४,३२० + ६०० + ९६ + १८ + ४ + १ + १, बरोबर ५,०४०. ही शेवटची तान: नि ध प म ग रे सा. ओसरीवर हा हिशेब जमला तेव्हा गुरुजींनी मोठ्याने 'वा' म्हटले. तशी दाद त्यांनी माझ्या गाण्याला तोवर कधी दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी प्रोग्रॅम नव्याने लिहिला. यादी करायचीच नाही. २८ आकड्यांचे कोष्टक, एक क्रमांक आणि वजाबाकी. यंत्र क्रमांक घेई, तान रचे, वाजवी आणि विसरून जाई. 'नो रूम' पुन्हा आले नाही. यंत्राला जागा पुरत नव्हती त्यावरचा इलाज साडेसातशे वर्षांपूर्वीच्या हिशेबनीसाकडे होता, कारण जागेची अडचण त्यालाही होती.

तालाध्यायातही त्याने हाच खेळ मांडला आहे. द्रुत, लघु, गुरू आणि प्लुत ही कालाची मापे द्रुतात मोजली तर १, २, ४ आणि ६. त्यांतून ठरावीक लांबीचे ताल किती रचता येतील? उत्तरांची ओळ १, २, ३, ६, १०, १९, ३३, ६० अशी जाते, आणि प्रत्येक आकडा मागच्या चार ठरावीक आकड्यांच्या बेरजेतून निघतो. संगीतरत्नाकरातल्या या गणितावर राजा श्रीधरन, आर. श्रीधरन आणि एम. डी. श्रीनिवास या अभ्यासकांनी अलीकडच्या काळात तपशिलाने लिहिले आहे.

५

शार्ङ्गदेवानंतर सुमारे चारशे वर्षांनी पॅरिसमध्ये मारँ मेर्सेन नावाच्या धर्मगुरूला याच प्रश्नाने पछाडले. १६३६-३७ च्या आपल्या ग्रंथात त्याने सहा स्वरांचे ७२० क्रम प्रत्यक्ष लिहून काढले. १६५० मध्ये रोममध्ये आथानासिउस किर्चरने एक लाकडी पेटीच बनवली. तिच्यातल्या पट्ट्या ओढून संगीत न शिकलेल्या माणसालाही स्तोत्राला चाल लावता यावी, असा त्याचा बेत होता. १८४३ मध्ये एडा लव्हलेसने लिहिले की स्वरांमधले संबंध नियमांत मांडता आले तर बॅबेजचे यंत्र संगीतही रचू शकेल. १९५७ मध्ये हे दोन ठिकाणी प्रत्यक्षात आले. इलिनॉय विद्यापीठात हिलर आणि आयझॅकसन यांनी इलियाक संगणकाकडून तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी रचना करून घेतली, आणि बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूजने 'म्युझिक' या प्रोग्रॅममधून संगणकाला सूर काढायला लावले.

घरगुती संगणक आले तेव्हा ही हौस सामान्यांच्या हाती आली. मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमध्ये 'प्ले' नावाची आज्ञा होती. तिच्या अवतरणचिन्हांत एक चिमुकली भाषाच राहत होती: सूर लिहायला ए ते जी ही अक्षरे, सप्तकासाठी ओ, लांबीसाठी एल, लयीसाठी टी. कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजात फिल बर्क, लॅरी पोलान्स्की आणि डेव्हिड रोझेनबूम यांनी ऐंशीच्या दशकात फोर्थ भाषेवर 'एचएमएसएल' उभी केली. मॅकिन्टॉश आणि अमिगा यांसारख्या यंत्रांवर चालणारी ती संगीतरचनेची पुरी भाषा होती. तिच्यात संगीतकार सूर लिहीत नसे. तो सुरांचे आकार लिही आणि ते आकार कसे बदलत जावेत याचे नियम लिही. लॉरी स्पीगलचा 'म्युझिक माउस' हा प्रोग्रॅम १९८६ चा.

हे सगळे मला पुष्कळ नंतर वाचायला मिळाले, आणि वाचताना एक फरक लक्षात आला. 'प्ले' ही स्वरलिपी आहे. पलुसकरांनी आणि भातखंड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या बंदिशी कागदावर उतरवायला ज्या लिप्या बनवल्या, त्यांच्याच जातीची: काय वाजवायचे ते ती लिहिते. 'एचएमएसएल' कसे रचायचे ते लिहिते. खंडमेरू या दुसऱ्या जातीचा आहे. त्यात एकही तान नोंदलेली नाही आणि सगळ्या ताना त्यातून काढता येतात.

६

मग प्रोग्रॅम तयार झाल्यावर काय झाले? गुरुजींना मी शाळेत घेऊन गेले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, खुर्चीवर ताठ बसले आणि पहिलीच तान ऐकून म्हणाले, 'गंधार चढा आहे.' तो चढाच होता. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर, यंत्राचा ४०० वर. मी एक पायरी खाली आणली तर तो ३७५ वर गेला. आता उतरला. ४८ पायऱ्यांमध्ये गुरुजींचा गंधार नव्हता.

मग मी भूप लावला. सा रे ग प ध, पाच स्वर, १२० ताना. गुरुजी दहाबारा ताना ऐकेपर्यंत गप्प राहिले. मग म्हणाले, 'यात भूप किती आणि देसकार किती?' मला उत्तर देता येईना. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच. भूपाचा जीव गंधारात, देसकाराचा धैवतात. कुठे थांबायचे, कोणत्या स्वराला नुसता स्पर्श करायचा, कोणत्या अंगात फिरायचे, यावर राग ठरतो. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेही तसेच, तेच सहा स्वर आणि तीन वेगळी माणसे. यंत्राला १२० क्रम सारखेच. 'तुझ्या पेटीला मोजता येतं,' गुरुजी म्हणाले, 'थांबता येत नाही.'

मला त्या दिवशी राग आला होता. मी तो प्रोग्रॅम कॅसेटवर उतरवला आणि नंतर ती कॅसेट कुठे गेली ते पाहिलेही नाही. गाणेही पुढच्या दोन वर्षांत सुटले. अभियांत्रिकीला गेले ती गणित घेऊन. यंत्र आणि गाणे या दोन गोष्टी एकमेकींना काही सांगू शकत नाहीत, अशी समजूत मी करून घेतली होती.

ती समजूत दोन गोष्टींनी मोडली. पहिली भेंडीबाजार घराण्याची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेतून आलेले छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे बंधू मुंबईच्या भेंडीबाजारात राहिले. त्यांच्या घराण्यात खंडमेरू 'मेरुखंड' या नावाने रियाजात जिवंत होता. नजीर खाँच्या शिष्या अंजनीबाई मालपेकर, छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ, आणि या दोघांकडे शिकलेले पुण्याचे पंडित त्र्यंबकराव जानोरीकर ही त्या वाटेवरची नावे. उस्ताद अमीर खाँची मेरुखंडी बढत रसिकांना माहीत आहेच. त्यांची विलंबित बढत ऐकताना कोणाला कोष्टक दिसत नाही. चार स्वर समोर आहेत आणि ते एकेका नव्या क्रमाने उलगडत आहेत, पण रागात न बसणारा क्रम येत नाही. म्हणजे मेरू रागाला पर्याय म्हणून कधीच नव्हता. गळ्याला आणि बुद्धीला सर्व वाटा माहीत करून द्यायच्या, आणि मग त्यांतल्या बहुतेक सोडून द्यायच्या, यासाठी तो होता. सोडायचे काय हे कळण्यासाठी आधी सगळे हाताखालून जावे लागते.

दुसरी गोष्ट एका मराठी संगणकशास्त्रज्ञाची. प्राध्यापक हरी सहस्रबुद्धे यांनी १९९२ च्या सुमारास, पुणे विद्यापीठात असताना, रागाचे गणिती प्रारूप मांडले. त्यात प्रश्न 'किती क्रम' हा नव्हता. 'या जागी आल्यावर पुढे कोणकोणत्या स्वरावर जाता येते' हा होता. रागाच्या वाटा आणि थांबे यांचा जणू नकाशा, ज्याला संगणकशास्त्रात सांत स्वयंचल म्हणतात. त्यांच्या पत्नी म्हणजे ग्वाल्हेर परंपरेच्या थोर गायिका वीणा सहस्रबुद्धे, आणि वीणाताईंचे वडील शंकर श्रीपाद बोडस हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. हे वाचले तेव्हा मला गुरुजींची आठवण झाली. त्यांनी मला विचारलेला प्रश्न त्यांच्याच परंपरेच्या एका घरात कोणीतरी गांभीर्याने सोडवायला घेतला होता. पुरता सुटला असे नाही. मात्र 'थांबता येत नाही' या वाक्यात यंत्राचा अपमान नव्हता, पुढच्या कामाची दिशा होती, हे मला पाच वर्षे उशिरा कळले.

७

अलीकडे सभांमधून खंडमेरूचा उल्लेख वाढला आहे. 'आपल्याकडे तेराव्या शतकातच संगणक होता' असे एक वाक्य टाळ्या घेते. मला त्या टाळ्यांत हात मिसळता येत नाही. शार्ङ्गदेवाकडे यंत्र नव्हते आणि त्याला ते नकोही होते. त्याच्याकडे जे होते ते अधिक नेमके शब्दांत सांगता येते: मोठ्या यादीतल्या कोणत्याही नोंदीला क्रमांक देण्याची आणि क्रमांकावरून नोंद उभी करण्याची रीत, जी खडे आणि २८ घरे एवढ्या सामग्रीवर चालते. गणिती आज याला क्रमगुणित संख्यापद्धती म्हणतील. हे कमी नाही. आणि ते नीट सांगितले तर सुशिक्षित मराठी माणसाला ओसरीवर तीन दिवसांत स्वतः करून पाहता येते. टाळ्यांच्या वाक्यात ही सोय नाही. त्यात चिंचोके मांडायला जागाच राहत नाही.

उलट बाजूची चूकही तितकीच सोपी आहे, आणि ती मी स्वतः केली. कोष्टकातून राग निघत नाही म्हणून कोष्टक निरुपयोगी, असे मी सोळाव्या वर्षी ठरवून टाकले. शार्ङ्गदेवाने ताना पहिल्या अध्यायात मोजल्या आणि रागांना दुसरा अख्खा अध्याय दिला. या दोन कामांची गल्लत त्याने केली नव्हती.

गुरुजी १९९४ मध्ये गेले. त्यांच्या घरच्यांनी पुस्तके वाटून टाकली तेव्हा 'संगीतरत्नाकरा'चा तो खंड माझ्याकडे आला. खंडमेरूच्या पानाच्या समासात त्यांच्या हस्ताक्षरात पेन्सिलीने पाच स्वर लिहिलेले आहेत, सा रे ग प ध, आणि त्यांच्याखाली १२० पैकी काही क्रमांक. ते क्रमांक त्यांनी केव्हा लिहिले कोण जाणे, मला ते कधी दाखवले नव्हते. गेल्या पावसाळ्यात मी नष्टाच्या रीतीने एकेक क्रमांक सोडवत बसले. निघालेली प्रत्येक तान गंधारावर संपत होती.

भूप निवडून ठेवला होता त्यांनी. देसकाराचे क्रमांक अजून लिहायचे आहेत. समासात तेवढी जागा आहे.